जिनिव्हातील अहवाल आणि खेडचे दप्तर

जुलै २०२४ मध्ये जिनिव्हा येथे भारत सरकारचे एक उच्चस्तरीय शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे उपस्थित राहिले. महान्यायवादी आर. वेंकटरमणी त्याचे नेतृत्व करीत होते. नागरी व राजकीय अधिकारांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे पालन भारतात कसे होते, याविषयी अठरा तज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना या शिष्टमंडळाने दोन दिवस उत्तरे दिली. याआधीचे असे परीक्षण जुलै १९९७ मध्ये झाले होते. त्यानंतरचा, म्हणजे चौथा अहवाल ३१ डिसेंबर २००१ पर्यंत अपेक्षित होता. दोन परीक्षणांमध्ये सत्तावीस वर्षांचे अंतर पडले. या काळात दिल्लीत सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. तेव्हा या विलंबाचे श्रेय कोणा एका पक्षाच्या पदरात टाकता येणार नाही.

मराठी वृत्तपत्रांत या घटनेला फारशी जागा मिळाली नाही. जिनिव्हा कोठे आणि भीमातीरावरचे राजगुरुनगर कोठे, असे वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि दिल्लीतून जो अहवाल जिनिव्हाला जातो, त्यातील प्रत्येक आकडा कोठल्या तरी तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून, न्यायालयातून, तुरुंगातून किंवा शाळेच्या पटावरून निघालेला असतो. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि तुरुंग हे राज्यघटनेने राज्यांकडे सोपविलेले विषय आहेत. करारावर स्वाक्षरी केंद्राची, आचरण मात्र राज्याचे आणि त्याची नोंद तालुक्याची, अशी ही व्यवस्था आहे. तालुक्याची नोंदच जर अपुरी असेल तर सॉलिसिटर जनरलांचे वक्तृत्व कितीही प्रभावी असले तरी उपयोग काय?

राज्यकर्त्याने स्वतःच्या कारभाराचा अहवाल स्वतःच लिहावा, ही कल्पना भारताला नवी नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानच्या ‘नैतिक व भौतिक प्रगती’चे निवेदन लंडनच्या पार्लमेंटपुढे दरवर्षी ठेवले जाई. रेल्वेचे मैल, कालव्यांची लांबी, शाळांची संख्या असा सारा तपशील त्यात असे. उपाशी माणूस मात्र त्या तक्त्यांत सहसा सापडत नसे. दादाभाई नौरोजी यांनी याच सरकारी आकड्यांची पुन्हा बेरीज करून दाखविली आणि दरडोई उत्पन्न वर्षाला अवघे वीस रुपये निघते, हे राज्यकर्त्यांच्याच तोंडून वदवून घेतले.

पुण्याने तर त्याही पुढचे पाऊल टाकले होते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकार्यावरील मजुरांचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले आणि सरकारी कागदांत तेवढे पुरेसे असल्याचा निर्वाळा दिला. गणेश वासुदेव जोशी यांची पुणे सार्वजनिक सभा त्या वेळी स्वस्थ बसली नाही. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रतिनिधींकरवी माहिती मागविली, दुष्काळाची वृत्ते तयार केली आणि ती क्रमाक्रमाने सरकारला सादर केली. कोणत्या गावात किती लोक कामावर आहेत, धान्याचा भाव काय, किती लोक गाव सोडून गेले, याचा तो हिशेब होता. आज जिनिव्हाच्या परिभाषेत ज्याला ‘छाया-अहवाल’ म्हणतात, तो पुण्याच्या वाड्यात दीडशे वर्षांपूर्वी लिहिला जात होता. तोही परकीय निधीवाचून आणि परकीयांच्या प्रमाणपत्राची अपेक्षा न ठेवता. मानवाधिकार हा पश्चिमेकडून आलेला पाहुणा आहे, असे समजणाऱ्यांनी आणि त्याच कारणाने त्याला दारात उभे न करणाऱ्यांनी, दोघांनीही हा इतिहास पुन्हा वाचावा. चिपळूणजवळील छावणीला शिवछत्रपतींनी लिहिलेले पत्रही त्याच पंक्तीत बसते. सैन्याने रयतेकडून फुकट काही घेतले, तिला उपद्रव दिला, तर ती म्हणेल की यापेक्षा मोगल बरे, असे बजावणारा तो राजा आपल्याच शिपायांच्या वर्तनाचा हिशेब मागत होता.

राजगुरुनगरला या विषयात बोलण्याचा अधिकार आणखी एका कारणाने पोहोचतो. शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी याच गावी, तेव्हाच्या खेडमध्ये झाला. लाहोर कटाचा खटला नेहमीच्या न्यायालयात चालविण्यास विलंब होतो, असे कारण देऊन लॉर्ड आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी वटहुकूम काढला आणि तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायाधिकरण नेमले. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात अपिलाची सोय ठेवली नव्हती. १२ मे रोजी आरोपींना भर न्यायालयात पोलिसांकरवी मारहाण झाली. न्यायाधिकरणातील न्यायमूर्ती आगा हैदर यांनी त्या आदेशाशी आपला संबंध नसल्याचे लिहून ठेवले, आणि पुढच्याच महिन्यात न्यायाधिकरणाची पुनर्रचना होऊन त्यांना त्यातून वगळण्यात आले. आरोपींच्या गैरहजेरीतच खटला पुढे चालला, ७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल लागला आणि २३ मार्च १९३१ रोजी तिघांना फाशी झाली. आज ज्या कराराचा अहवाल भारत सादर करतो, त्याच्या चौदाव्या अनुच्छेदात आरोपीने खटल्याला उपस्थित राहण्याचा आणि वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार लिहिलेला आहे. सातव्या अनुच्छेदात छळाला मनाई आहे. खेडच्या त्या बावीस वर्षांच्या तरुणाला यांतले काहीही मिळाले नव्हते.

हा करार भारताने स्वीकारला तो दिवस १० एप्रिल १९७९. केंद्रात जनता पक्षाचे सरकार होते आणि परराष्ट्र खात्याची धुरा अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे होती. आणीबाणीची जखम तेव्हा ताजी होती. येरवड्याच्या कारागृहात बाळासाहेब देवरसांसह असंख्य कार्यकर्ते विनाचौकशी डांबले गेले होते. २८ एप्रिल १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा बंदिवानांना दाद मागण्याचा मार्गच बंद केला होता. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले होते. त्या अनुभवातून चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हे पक्के झाले. त्यामुळे हा करार कोणी बाहेरून लादला, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ज्यांनी तुरुंग भोगला, त्यांच्या सरकारने तो स्वतःहून पत्करला.

येथे एक अप्रिय गोष्टही नोंदविणे भाग आहे. करार स्वीकारताना भारताने नवव्या अनुच्छेदावर निवेदन जोडले. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेविषयीच्या घटनेतील तरतुदी अबाधित राहतील आणि बेकायदा अटकेबद्दल राज्याकडून नुकसानभरपाई मिळविण्याचा अंमलबजावणीयोग्य अधिकार भारतीय कायद्यात नाही, असा त्याचा आशय होता. मिसाचे बंदी सत्तेवर आल्यावरही हे कलम सुटले नाही! पुढे डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की भरपाईचा अधिकार न्यायालयांनी मान्य केल्याने या निवेदनाचे प्रयोजन उरलेले नाही. न्यायालयाने मोडीत काढलेली गोष्ट कागदावरून काढून टाकण्याची तसदी मात्र त्यानंतरच्या कोणत्याही सरकारने घेतली नाही.

अहवालांचा एक ठरावीक साचा झालेला आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद, संसदेने केलेले कायदे, स्थापन झालेले आयोग, सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले निकाल आणि चालू योजनांची नावे ओळीने येतात. यातील बहुतेक गोष्टी अभिमानास्पद आहेत, यात शंका नाही. ‘कराराने काय सांगितले आहे’ याचे उत्तर त्यांतून मिळते. ‘घडले काय’ याचे मिळत नाही. समितीचे सदस्य नेमके तेच विचारतात आणि मग उत्तरासाठी धावपळ होते.

कोठडीतील मृत्यूंचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने डिसेंबर १९९३ मध्ये सर्व राज्यांना आदेश दिला की कोठडीतील प्रत्येक मृत्यूची सूचना चोवीस तासांच्या आत आयोगाला मिळाली पाहिजे. २००६ पासून अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडून होणे बंधनकारक झाले. आता आकडे पाहावेत. आयोगाकडील नोंदींच्या आधारे केंद्रीय गृह खात्याने संसदेत दिलेली संख्या २०२१-२२ या वर्षासाठी पोलीस कोठडीतील १७५ मृत्यू अशी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या पुस्तकात हीच संख्या ८८ आहे. एक वर्ष आर्थिक आणि दुसरे इंग्रजी, व्याख्यांत थोडा फरक, हे सारे मान्य केले तरी एकाच सरकारच्या दोन कार्यालयांतील आकडे एकमेकांच्या निम्मे-दुप्पट असावेत, याचे समाधानकारक स्पष्टीकरण कोणत्याही अहवालात मिळत नाही. परकीय संस्थांनी यातला मोठा आकडा उचलला की ‘बदनामीचे कारस्थान’ म्हणून ओरड होते. कारस्थान असेलही. पण कारस्थान्याला दारूगोळा आपल्याच कोठारातून मिळत असेल, तर कोठाराला कुलूप लावायचे की हिशेब नीट ठेवायचा?

खेड तालुक्यात हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले. चाकण आणि आळंदी ही ठाणी त्याच्याकडे गेली. खेडचे ठाणे मात्र पुणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे राहिले. तालुका एक, तहसीलदार एक, पोलिसांची दप्तरे दोन. चाकणच्या कारखान्यात मराठवाड्यातून, बिहारमधून, झारखंडमधून आलेला कंत्राटी कामगार राहतो एका हद्दीत आणि काम करतो दुसऱ्या हद्दीत. त्याला अटक झाली, त्याची तक्रार नोंदविली गेली नाही, त्याचे मूल वीटभट्टीवर सापडले, तर त्याची मोजदाद कोणत्या तक्त्यात होते? जिल्ह्याचा एकत्रित आकडा तयार होताना ‘खेड तालुका’ असा रकानाच उरत नाही.

आर्थिक व सामाजिक अधिकारांच्या कराराची कहाणी याहून वेगळी नाही. त्या करारान्वये भारताचे परीक्षण मे २००८ मध्ये झाले. दुसरा ते पाचवा असे चार अहवाल एकत्र बांधून तेव्हा सादर केले होते. त्या वेळी चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरूही झाला नव्हता. त्याचे उद्घाटन मार्च २००९ मधले. त्यानंतर या पठारावर केवढे परिवर्तन झाले, हे पुणे-नाशिक रस्त्यावर तास-तास अडकणाऱ्याला सांगायला नको. जमिनी गेल्या, कारखाने आले, कंत्राटी पद्धत रुजली. भामा-आसखेडच्या धरणग्रस्तांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, जलवाहिनीचे काम वारंवार थांबविले आणि अखेर धरणाचे पाणी पुण्याला पोहोचले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला, हे वाक्य अहवालात शोभून दिसते. त्या कायद्याखाली आसखेडच्या खातेदारांना किती जमीन मिळाली, कितींना अजून मिळायची आहे, हे वाक्य तेथे नसते. २००८ नंतर दीड दशक उलटले तरी या करारान्वये पुढचे परीक्षण झाले नव्हते. तेव्हा ते वाक्य कोणी विचारलेही नाही.

येथे आक्षेप घेतला जाईल की अमेरिकेसारखी राष्ट्रे स्वतः काय करतात? आक्षेप अगदी योग्य आहे. स्त्रियांविषयीच्या आणि बालकांविषयीच्या करारांवर अमेरिकेने स्वाक्षऱ्या केल्या, पण अनुसमर्थन आजतागायत दिलेले नाही. २०१८ मध्ये ती मानवाधिकार परिषदेतूनच बाहेर पडली. पाकिस्तानने छळविरोधी करार २०१० मध्ये अनुसमर्थित केला, चीनने तर १९८८ मध्येच. तेथील कोठड्यांत काय चालते हे जगाला ठाऊक आहे. जिनिव्हाच्या सभागृहात बसून भारताला उपदेश करणाऱ्यांपैकी अनेकांचे हात स्वच्छ नाहीत. जातिव्यवस्थेला वंशभेद ठरविण्याचा हट्ट तेथे वारंवार धरला जातो. फेब्रुवारी २००७ मध्ये वंशभेदविरोधी समितीपुढे सॉलिसिटर जनरल गुलाम वहानवटी यांनी तो ठामपणे अमान्य केला आणि काँग्रेसप्रणीत सरकारची ही भूमिका वाजपेयी सरकारच्या भूमिकेशी सुसंगतच होती. जात हा वंश नव्हे, हे खरे. परंतु तेवढे सांगून अस्पृश्यतेच्या व अत्याचाराच्या प्रकरणांत किती आरोपींना शिक्षा झाली, हा प्रश्न सुटत नाही. तो हिंदू समाजाने स्वतःला विचारण्याचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जिनिव्हाला द्यावे की न द्यावे, हा मुद्दा गौण आहे.

अहवालाकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत देशहितालाच मोजावी लागते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. छळविरोधी करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वाक्षरी केली. अनुसमर्थनासाठी कायदा हवा म्हणून मे २०१० मध्ये लोकसभेने विधेयक संमत केले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठविले आणि २०१४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर ते मृत झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात पुन्हा कायद्याची शिफारस करून मसुदाही दिला. कायदा झालेला नाही.

दरम्यान काय घडले? डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियाच्या आकाशातून शस्त्रांचा वर्षाव करणारा किम डेव्ही डेन्मार्कमध्ये सुखाने राहिला. भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, या कारणावरून डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये त्याचे प्रत्यार्पण नाकारले आणि २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने पुन्हा तेच केले. विजय मल्ल्या यांच्या खटल्यात तर लंडनच्या न्यायाधीशांनी जुलै २०१८ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील बराक क्रमांक बाराची चित्रफीत मागविली. तेथे नैसर्गिक उजेड येतो की नाही, हे त्यांना पाहायचे होते. ज्या देशाचे तुरुंगविषयक अहवाल वेळेवर, तपशिलासह आणि विश्वासार्ह रीतीने जगापुढे असतात, त्याला आपल्या तुरुंगाच्या खिडकीचे चित्रण करून पाठवावे लागत नाही. छब्बीस नोव्हेंबरच्या कटातील तहव्वूर राणा यानेही छळाची भीती पुढे करून अमेरिकेत आपले प्रत्यार्पण लांबविण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि १० एप्रिल २०२५ रोजी त्याला भारतात आणण्यात आले, ही समाधानाची बाब आहे. परंतु दहशतवाद्याच्या वकिलाला असा युक्तिवाद सुचावा, एवढी फट ठेवलीच का जावी?

सुधारणेसाठी नव्या मंत्रालयाची वा नव्या आयोगाची आवश्यकता नाही; आयोग पुष्कळ झाले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचा वार्षिक अहवाल कृतिवृत्तासह संसदेपुढे आणि राज्य आयोगाचा विधिमंडळापुढे ठेवावा, असे १९९३ च्या कायद्यातच आहे. आंतरराष्ट्रीय करारांखालील अहवालांना मात्र असे बंधन नाही. जो मजकूर जिनिव्हातील अठरा परकीय तज्ज्ञांना वाचायला मिळतो, त्यावर महाराष्ट्राच्या विधानसभेत अर्ध्या तासाची चर्चा होत नाही आणि समितीने अहवालावर काढलेले निष्कर्ष मराठीत कोणी वाचलेले नसतात. लोकशाहीत हा क्रम उलटा हवा. अहवाल आधी विधिमंडळात, मराठीत, जिल्हावार आकड्यांसह; मग दिल्लीत; मग जिनिव्हाला. पोलीस व तुरुंग हे राज्याचे विषय असल्याने यासाठी महाराष्ट्राने केंद्राच्या अनुज्ञेची वाट पाहण्याचेही कारण नाही. स्वदेशी संस्थांनीही परकीय निधीवरील संस्थांच्या छाया-अहवालांना शिव्या देण्यात वेळ घालविण्यापेक्षा सार्वजनिक सभेसारखे तालुक्यांतून फिरून स्वतःचे वृत्त लिहावे. सेवाकार्याचे जाळे ज्यांच्यापाशी आहे, वीटभट्टीवरच्या मुलांच्या शाळा जे चालवितात, त्यांच्याइतकी खरी माहिती कोणाजवळ असणार?

प्रारंभासाठी एक गोष्ट हाताशी आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत कॅमेरे बसविण्याचा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, किमान एक वर्ष जपून ठेवण्याचा आदेश दिला. देखरेखीसाठी जिल्हा समितीही सांगितली: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि लोकप्रतिनिधी म्हणून शहरात महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा प्रमुख. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे काही वर्षे तेथे प्रशासकाचाच कारभार राहिला. समितीतील लोकांची एकमेव खुर्चीही त्यामुळे सरकारी अधिकाऱ्याकडेच गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. खेडच्या आणि चाकणच्या ठाण्यांत कॅमेरे किती आहेत, त्यांतील चालू किती, समितीने चित्रण शेवटचे केव्हा पाहिले, एवढे तीन प्रश्न तालुक्यातील कोणाही नागरिकाला माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतात. उत्तरे मराठीत येतील, आणि जिनिव्हाच्या पुढच्या प्रश्नावलीपेक्षा बरीच आधी येतील.